लटारूभाऊंचा ओला दुपट्टा

सायकलवर टांग टाकण्याआधी लटारूभाऊ उघड्या अंगानं अंगणात उभे राहत. ऊन असो, पाऊस असो, पौषातली थंडी असो. कमरेला गुडघ्यापर्यंतची चड्डी, बाकी काही नाही. दोन्ही हात अंगापासून थोडे दूर धरून, डोळे मिटून ते हवा अंगावर घेत. मिनिटभर, कधी त्याहून जास्त. मग आत जात आणि कपडे घालून बाहेर येत. मी नवा होतो तेव्हा मला वाटलं, हे कुठल्या तरी देवाचं करत असावेत. विचारलं, तर म्हणाले, "देव नाई जी. आंगाले इचारून राह्यलो, का आज काय घालू. डोस्क्याले इचारलं तं ते कालचंच सांगते."

चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता. गडचिरोली, सिरोंचा सगळं त्याच्याच पोटात. पन्नास सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. मी वर्ध्याकडचा, चोवीस वर्षांचा, आणि नोकरी लागली ती थेट आलापल्लीला, देवीची लस टोचण्याची. तिथं आधीपासून एकच टोचणारा होता, लटारूभाऊ. वय पन्नाशीच्या जवळ, अंगानं काटक, रंग सागाच्या जुन्या लाकडासारखा. मार्कंड्याजवळच्या वैनगंगाकाठच्या ढिवराच्या घरातला माणूस. बाप, आजा मासे धरत आलेले. हा सातवी पास झाला आणि सरकारी नोकरीत शिरला. पन्नास-साठ गावं आणि पाडे त्यांच्याकडे होते आणि त्या सगळ्यांत पोचायला एक जड, काळी सायकल.

मी पहिल्या दिवशी कामावर हजर झालो तो कडक इस्त्रीची खाकी पँट, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, बूट आणि डोक्यावर साहेबी हॅट अशा थाटात. एप्रिल महिना होता. लटारूभाऊंनी मला वरून खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, हे कपडे सायकलचे नाई, फोटूचे हायेत."

मी हसलो. दुपारी हसू राहिलं नाही. बारा मैल जायचं होतं आणि तितकंच परत. पाचव्या मैलाला पँटची जाड शिवण बुडाखाली सुरीसारखी लागू लागली. हॅट वाऱ्यानं दोनदा उडाली. उघडे हात आधी लाल झाले, मग त्यांच्यावर फोड आले. आणि हे लटारूभाऊ, त्या आगीत, मनगटापर्यंत बाह्यांची मांजरपाटाची ढगळ बंडी घालून, डोकं, कान, मान सगळं पाण्यात पिळलेल्या जाड दुपट्ट्यात गुंडाळून, रमतगमत पायडल मारत होते. मला वाटलं होतं, उन्हात जितके कमी कपडे तितकं बरं. ते म्हणाले, "उलटं हाय. ऊन आंगाले लागूच द्यायचं नाई. कपडा ढगळ पायजे, आतून हवा फिरली पायजे. घामानं कपडा ओला झाला का वारा त्याले गार करते. तुमचा शर्ट तं आंगाले चिकटूनच बसला, त्याच्यात वारा शिरन कुठून?"

त्या संध्याकाळी मला चालता येत नव्हतं. लटारूभाऊंनी माझ्या मांड्यांना खोबरेल लावायला दिलं आणि दुसऱ्या दिवशी मला बाजारातल्या शिंप्याकडे घेऊन गेले. शिंप्यासमोर त्यांनी स्वतःची जुनी चड्डी उलटी करून दाखवली. जिथं चारही शिवणी एकत्र येतात तिथं त्यांनी शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा लावून घेतला होता, त्यामुळे शिवण बसायच्या जागेपासून दूर सरकलेली. "याच्यासारख्या दोन शिव," ते शिंप्याला म्हणाले. "आन् बाबूची खाकी याच्यापुढे नाई पायजे. कापून पिशव्या कर." मला राग आला होता. पण पुढे ज्या ज्या वर्षी मी चांद्याच्या जंगलात सायकल मारली, त्या प्रत्येक वर्षी तशीच चड्डी शिवली.

खाकीबद्दलचं त्यांचं म्हणणं मला तेव्हा कळलं नव्हतं. खात्यानं त्यांनाही खाकी कोट दिलेला होता. तो त्यांच्या घरी खुंटीला लटकलेला असे आणि त्याच्या खिशात त्यांची बायको लसूण ठेवी. एकदा वरचे एक साहेब तपासणीला आले. त्यांनी विचारलं, "वर्दी कुठं आहे?"

लटारूभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, वर्दी घातली तं लोक पळतात. लोक पळाले तं टोचू कोनाले?"

साहेबांना हे उद्धट वाटलं. ते म्हणाले, उद्या मी स्वतः येतो, पाहतो कोण पळतं ते. दुसऱ्या दिवशी ते हॅट आणि खाकी घालून आमच्याबरोबर माडिया गोंडांच्या एका पाड्यावर आले. आम्ही पोचलो तेव्हा चुली पेटलेल्या होत्या, एका दारात सुपात अर्धं निवडलेलं धान्य होतं आणि माणूस एकही नव्हता. जंगलात पळालेल्या कुणाच्या तरी मुलाचं रडणं लांबून ऐकू येत होतं. खाकी म्हणजे बेगार, खाकी म्हणजे लाकडाबद्दलची चौकशी, हे त्या लोकांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक. साहेब रिकाम्या खाटेवर अर्धा तास बसले आणि उठले. वर्दीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. परतताना लटारूभाऊ मला हळूच म्हणाले, "कपडा हवेले पाहून घालायचा, खरं हाय. पन ज्याच्या दारी जायचं हाय त्याच्या डोळ्यालेबी पाहायचं."

पावसाळ्यात त्यांचं तंत्र अगदीच वेगळं. मी वर्ध्याहून रबरी रेनकोट आणला होता. पहिल्याच चढावर आतल्या घामानं मी पावसापेक्षा जास्त भिजलो आणि उतारावर कोटाचा घोळ साखळीत अडकून चिखलात आडवा झालो. लटारूभाऊंनी आधी माझा कोट सोडवला, मग मला. त्यांच्या अंगावर त्या पावसात फक्त चड्डी आणि कमरेपर्यंत येणारं, बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं बसवलेलं एक पांघरूण होतं. पाय उघडे, पोटऱ्या उघड्या. कोरडे कपडे मेणकापडात बांधून, कॅरियरला आवळलेले. गाव दिसू लागलं की ते झाडाखाली उभे राहत, अंग पुसत, कोरडं धोतर आणि कोरडी बंडी घालत आणि मगच गावात शिरत. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? ते म्हणाले, "भिजलं तं आंग भिजू द्या, आंग सुकते. ओल्या कपड्यात थंडगार हातानं लेकराले धरलं तं लेकरू दचकते. एक लेकरू रडलं का दहा घरच्या माया दार लावतात."

हिवाळ्यातला त्यांचा नियम तर मी आजही लोकांना सांगतो. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. "निघतानाच बरं वाटून राह्यलं तं समजा कपडा जास्त झाला. मैलभरात घाम येते, आन् उतारावर तोच घाम बरफ होते. मंग छाती भरते." ते बंडीच्या आत छातीवर जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवत. चढ आला की काढत, उतार आला की पुन्हा सारत. हाताला मोजे नव्हते, म्हणून पायातले जुने मोजे हातात घालत. मी हसलो की म्हणत, "हाताले काय माहीत, का हे पायाचे हायेत?"

असा हा माणूस. त्याला सायकलवरच्या कपड्यांचं जे कळत होतं ते कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. पण त्याचं सगळं शहाणपण एका दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला ठेवलं, तो दिवस मी पाहिला.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष, मे महिना. सूरजागडच्या डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर माता, म्हणजे देवी, आल्याची बातमी बांबू वाहणाऱ्या एका गाडीवानानं आणली. तीन मुलं गेली होती, आणखी काही तापानं पडली होती. सुदैवानं आदल्याच दिवशी चांद्याहून मोटारीनं लस आली होती, पण पेटीतल्या बर्फाचं वाटेतच पाणी झालेलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "ही फार टिकायची नाही. उद्या दिवस मावळायच्या आत टोचली तर टोचली. एकदा का तापली, की टोचून उपयोग नाही."

आम्ही झुंजूमुंजू होताच निघालो. लसीच्या काचेच्या नळ्या एका लाकडी पेटीत, पेटीभोवती ओलं फडकं, पेटी लटारूभाऊंच्या कॅरियरला. ऊन चढायच्या आत पोचायचं असा बेत होता. एटापल्लीपर्यंत सगळं नीट झालं. त्यापुढे रस्ता असा नव्हताच, गाडीवाट होती. तिथं माझ्या सायकलच्या चाकात बोराटीचे काटे शिरले, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा लटारूभाऊंनीच पंक्चर काढलं. त्यात जवळजवळ दोन तास गेले. आणि ज्या नाल्याच्या डोहात पाणी मिळेल म्हणून आम्ही निश्चिंत होतो, तो डोह कोरडा निघाला. तळातला चिखलसुद्धा तडकलेला.

दुपारचा एक वाजला असेल. सागाची पानं गळून गेलेली, सावली म्हणावी अशी कुठंच नाही. आमच्याकडे तुंब्यात जेमतेम तांब्याभर पाणी उरलं होतं. लटारूभाऊ थांबले, उतरले आणि त्यांनी पेटीवर हात ठेवला. फडकं पापडासारखं वाळलं होतं. लाकूड हाताला चटका देत होतं.

ते पेटीशेजारी उकिडवे बसले. मग स्वतः एक घोट प्याले, मला दोन घोट दिले आणि डोक्याचा दुपट्टा सोडायला लागले.

"लटारूभाऊ, हे काय करता?" मी म्हटलं. "ऊन आंगाले लागू द्यायचं नाई, तुम्हीच सांगता ना? माझा दुपट्टा घ्या."

त्यांनी माझा दुपट्टा दोन बोटांत धरून चोळला. "हा पातळ हाय. घडीभरात सुकन. पेटीले जाडच पायजे. तुमचा तुमच्या डोस्क्यावर राहू द्या."

मी आणखी आग्रह केला नाही. हे लिहिताना मला ते सांगितलंच पाहिजे. माझा दुपट्टा पातळ होता हे खरं, पण दोन पदरी, चार पदरी केला असता तर चालला असता. हे मला तेव्हाही सुचलं होतं. आणि तरीही, त्यांनी नको म्हटल्यावर मला जे वाटलं ते सुटल्यासारखंच होतं.

त्यांनी दुपट्टा पेटीभोवती गुंडाळला, उरलेलं पाणी त्यावर जपून, बोटांतून ठिबकवत ओतलं. मग बंडीही काढली आणि ओल्या कापडाला ऊन लागू नये म्हणून वरून सैलसर बांधली. पळसाची चार रुंद पानं तोडून, काट्यानं एकमेकांना टाचून डोक्यावर ठेवली. "चला," म्हणाले, "आता बोलायचं नाई. तोंड उघडं राह्यलं का घसा सुकते."

पुढचे सहा-सात मैल मी त्यांच्या उघड्या पाठीकडे पाहत सायकल मारली. त्या पाठीवरून आधी घाम वाहत होता. मग तो आटला. पाठ कोरडी पडली, लाल झाली. घाम थांबला की माणसानं सावली धरावी, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी हाक मारली. त्यांनी मागं न पाहता हात वर केला आणि पायडल मारत राहिले.

पाड्याच्या तोंडाशी आम्हाला अडवलं. माता गावात असताना बाहेरच्यानं आत यायचं नाही, असा तिथला नेम. गायता, म्हणजे गावचा पुजारी आणि वडीलधारा, काठी आडवी धरून उभा होता. मागं पाच-सहा माणसं. लटारूभाऊंना माडिया बोलता येत असे, मोडकंतोडकं, पण येत असे. ते सायकलला धरून उभे राहिले. मला बोलणं अर्धवटच कळत होतं. नंतर त्यांनी आणि गायत्याच्या मुलानं ते मला सांगितलं, म्हणून इथं लिहू शकतो.

गायता म्हणाला, "माता आईला सुई टोचलेली चालत नाही. परत जा." लटारूभाऊंनी वाद घातला नाही. तेव्हा गायत्याचं लक्ष पेटीकडे गेलं. त्यानं विचारलं, "तू उघडा आणि या लाकडाला कपडे घातलेस. हे काय?"

"माहे कपडे तिले पायजे होते," लटारूभाऊ म्हणाले. "हिच्यात तुमच्या लेकरांचा जीव हाय. तो तापला असता तं मी कपडे घालून येऊन काय केलं असतं?"

गायता पुढे आला. त्यानं आधी पेटीला हात लावला. ती गार होती. मग त्यानं तोच हात लटारूभाऊंच्या खांद्यावर ठेवला आणि पटकन मागं घेतला. वळला, आपल्या झोपडीत गेला आणि चार-पाच वर्षांच्या नातवाला बखोटीला धरून बाहेर घेऊन आला. मुलाचा दंड त्यानंच पुढे केला.

मग झोपड्यांतून माणसं येत गेली. लस अजून चांगली होती. आम्ही दोघं मोहाच्या झाडाखाली बसलो. मी दंड पुसून देत होतो आणि लटारूभाऊ टोचत होते. मी दोनदा म्हटलं, आता मी टोचतो. त्यांनी ऐकलं नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण टोचताना हात चुकत नव्हता. शेवटी एका म्हातारीला टोचून झालं, त्यांनी टोचायची दातेरी चक्री नीट पुसून डबीत ठेवली, डबी मिटली आणि बसल्या जागी कलंडले.

त्यांचं अंग विस्तवासारखं होतं. ते मार्कंड्याकडच्या कुणाला तरी हाका मारत होते, जाळं ओढा म्हणत होते. मला काही सुचेना. पाड्यातल्या बायकांना मात्र सुचलं. झऱ्यातलं पाणी दूर होतं. तरी त्या घागरीमागून घागर आणत राहिल्या. आपल्या अंगावरची जुनी लुगडी फाडून, भिजवून त्यांनी लटारूभाऊंना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलं. कापड सुकलं की पुन्हा पाणी. गायता त्यांच्या उशाशी बसून पानाच्या द्रोणातून आंबील पाजत होता. घोट गिळला गेला नाही तर बाहेर काढून पुन्हा पाजत होता. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "कोनी सुटलं नाई ना टोचायचं?"

पाड्यातल्या आठ माणसांनी त्यांना खाटेवर घालून एटापल्लीपर्यंत खांद्यावर आणलं. त्या पाड्यात आधी पडलेल्यांपैकी एक मूल नंतर गेलं. पण ज्यांना आम्ही टोचलं होतं त्यांपैकी एकही नाही.

लटारूभाऊ वाचले, पण पुरते नाही. ऊन त्यांना सोसेनासं झालं. सकाळी आठच्या उन्हातही डोकं दुखू लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई. सायकल सुटली. वर्षभर त्यांनी दवाखान्यात बसून नोंदवह्या लिहिल्या. हे काम त्यांना मुळीच आवडत नव्हतं. "बसून बसून आंगाले हवाच समजेनाशी झाली," असं म्हणत. मग त्यांनी नोकरी सोडली आणि ते वैनगंगेकाठी आपल्या गावी गेले. मी मार्कंड्याच्या जत्रेला जाताना त्यांना भेटत असे. झाडाच्या सावलीत जाळी विणत बसलेले असत. एकदा मी धीर करून माझ्या दुपट्ट्याचं मनातलं सगळं बोलून टाकलं. ते जाळं विणत ऐकत होते. म्हणाले, "बाबू, तुमी तवा पहिल्यांदा तो रस्ता पाहून राह्यले होते. मी पडलो तं तुमी मले उचलून लोकाईले हाक मारली असती. तुमी पडले असते तं मी तुमाले उचललं असतं का पेटीले? मले नाई ठरवता आलं असतं. म्हून नाई घेतला."

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलानं पत्रात लिहिलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी सूरजागडकडच्या पाड्यावर पुन्हा टोचायला गेलो. त्यांची गावं आता माझ्याकडे होती. गायता आता फार वाकला होता. दरवर्षी तो पहिला प्रश्न लटारूभाऊंबद्दल विचारी. मी सांगितलं. तो कधी, कुठं, कशानं, एवढंच विचारून उठून गेला.

पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा तो मला गावाबाहेर घेऊन गेला. माडिया लोक आपल्या मेलेल्या माणसांसाठी उभे दगड रोवतात. त्या पाड्याचे दगड एका मोहाच्या राईत, रांगेनं होते. काही फार जुने, शेवाळलेले, कलते झालेले. रांगेच्या शेवटी एक नवा दगड होता. माझ्या छातीपर्यंत येईल एवढा. तो डोंगरावरून आणायला बरीच माणसं लागली असणार.

"लटारू," गायता त्यावर हात ठेवून म्हणाला.

मी म्हटलं, "पण बाबा, ते तुमचे नव्हते. लांबचे होते. ढिवर होते."

मी हे का बोललो कोण जाणे. गायत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी अगदी लहान मुलासारखं विचारलं होतं. "तो आमच्या पाण्यानं उठला," तो म्हणाला. "मग कुणाचा?"

मी त्या दगडाजवळ उभा राहिलो. दगडाला ऊन लागलं होतं. राईच्या पलीकडे पाड्यातली मुलं रांग धरून बसली होती, लहानग्यांचे दंड आधीच उघडे केलेले. माझ्या पेटीवरचं फडकं कडेनं सुकायला लागलं होतं. मी त्यावर पाणी शिंपडलं आणि टोचायला बसलो.